नाकात लोकरीचा बोळा

ओड्डुरने माझ्या पोटाखालचा बोल्ट सोडवला त्या दिवशी सगळ्यांना कळले की मी संपलो. मला ते आधीच कळले होते. पण अ‍ॅक्सलला कोण विचारतो?

मेंढ्या डोंगरावरून खाली आणून झाल्या होत्या. त्याचा हा दुसरा दिवस. अंगणात घमेले ठेवून ओड्डुर गाडीखाली पालथा झाला होता. घमेल्यात मधासारखे तेल पडायला हवे होते. पडले ते दूध घातलेल्या कॉफीसारखे, आणि त्याच्या मागोमाग हिमनदीचा करडा गाळ. ओड्डुरने तो बोटांवर चोळून पाहिला. त्यात लोखंडाचा चुरा चमकत होता.

"गेला," तो म्हणाला.

त्याचा मेहुणा गेस्तुर शेजारी क्लेइना, म्हणजे तळलेल्या गोड वड्या, खात उभा होता. "एवढं तोंड काय पाडता दाजी? अ‍ॅक्सलच गेलाय, बायको नाही."

बोलून झाल्यावर त्याला आठवले की ओड्डुरची बायको, म्हणजे याचीच सख्खी बहीण, याच वसंतात गेली. घास तोंडातच राहिला. माफी मात्र त्याने मागितली नाही. "म्हणजे, तेल बदला, असं म्हणत होतो मी," एवढे बोलून तो पुढचा तुकडा तोडू लागला.

पण ओड्डुरचे तोंड उतरले होते ते माझ्यासाठी नव्हे. त्याच्या बायकोची मेंढी, स्नोत्रा, कोकरासह नदीपलीकडे राहून गेली होती. बर्फ पडण्याआधी तिला आणायला हवे होते. आणि नदी ओलांडणारी त्याची एकुलती एक गाडी माझ्यामुळे अंगणात बसली होती.

तर मित्रांनो, मी एका जुन्या पिकअपच्या दोन चाकांना जोडणारा दांडा, म्हणजे मागचा अ‍ॅक्सल आहे. लोक गाडीचे कौतुक तिचे तोंड बघून करतात. रंग बघतात, दिवे बघतात, आत बसून गाणी ऐकतात. ओझे वाहतो मी, आणि मला बघायला कुणी खाली वाकत नाही. पुढच्या अ‍ॅक्सलबद्दल मी बोलणारच नाही. गरज पडेल तेव्हाच काम करायचे आणि बाकीचा वेळ नुसते फिरत राहायचे, याला मी आयुष्य म्हणत नाही.

माझा जन्म दूरच्या एका उष्ण देशात झाला. तिथल्या तपासनीसाने माझ्यावर खडूने खूण केली आणि "चांगला आहे" एवढेच म्हणाला. इतके खरे कौतुक मला पुढे फार कमी वेळा मिळाले. मग जहाजातून मी या थंड बेटावर आलो. इथे माझ्या दोन्ही टोकांना अशी चाके लावली की त्यांची उंची बघून माणसे हुरळून जावीत. मीही जरा हुरळलो. चाके मोठी झाली की गाडी उंच होते, पण मी किती खोल पाण्यात जाणार हे शेवटी नदीच ठरवते, हे मला तेव्हा माहीत नव्हते.

आमचे शेत हामार. मागे हिमनदी, पुढे काळ्या वाळूचे मैदान, आणि मैदानाच्या टोकाला कोल्गा नदी. तिच्या पलीकडे मेंढ्यांचा उन्हाळी चारा. म्हणून पलीकडे जाणे कुणाला चुकत नाही.

आता माझ्या नाकाबद्दल सांगतो, कारण सगळे तिथेच घडले. माझ्या पोटात तेल असते आणि तेलावर हवा असते. गाडी धावली की मी तापतो, हवा फुगते आणि तिला बाहेर जावे लागते. थंड झालो की हवा आकसते आणि मला बाहेरची हवा आत घ्यावी लागते. त्यासाठी माझ्या पाठीवर टोपी घातलेले एक बारीक भोक आहे. त्याला ब्रीदर म्हणतात. ते माझे नाक. मैदानावरून भरधाव येऊन मला बर्फाच्या पाण्यात घातले तर मी एकदम श्वास ओढतो. नाक त्या वेळी पाण्याखाली असले तर पोटात काय जाईल, हे लहान मूलही सांगेल. मोठ्या माणसांना सांगावे लागते.

उपाय अगदी सोपा आहे. नाकाला एक रबरी नळी जोडायची आणि तिचे टोक केबिनच्या मागे, खिडकीच्या उंचीवर न्यायचे. नदी तिथवर आली तर अ‍ॅक्सलची काळजी करायला गाडीत कुणी उरलेले नसेल.

हे सगळे ओड्डुरच्या बायकोला, फ्रीदाला, कळत होते. मी माणसे बुटांवरून ओळखतो. फ्रीदाचे बूट मांडीपर्यंतचे, रबरी, आणि एका टाचेला ठिगळ लावलेले. काठावर आलो की ती गाडी थांबवायला लावी. कमरेला दोर बांधून, काठीने तळ चाचपत ती आधी स्वतः पाण्यात उतरे. मग परत येऊन कॉफी ओती.

"चल आता," ओड्डुर म्हणे. "दुपार कलली की नदी वाढते."

"वाढू दे. माझी कॉफी संपेपर्यंत तिचा काही समुद्र होत नाही. आणि त्याला निवू दे आधी. तापलेल्या अंगाने गार पाण्यात उडी मारतं का कुणी?"

"त्याला म्हणजे?"

"अ‍ॅक्सलला. तुला कुणी म्हटलं? तू कधी तापतोस?"

मग ती नळीची आठवण काढी. ओड्डुर म्हणे, कोकरांचा हंगाम होऊ दे. नंतर म्हणे, गवत कापून होऊ दे. नंतर म्हणे, मेंढ्या खाली येऊ देत.

"तुझ्या हंगामांना कधी सुट्टी असते का रे?" फ्रीदा विचारी, आणि कपातला गाळ माझ्या चाकाजवळ झटकून टाकी.

कोकरे जन्माला येत असतानाच ती आजारी पडली आणि शहरातल्या रुग्णालयातून परत आली नाही. ओड्डुर रडला की नाही, मला ठाऊक नाही. गाडीखालून तोंड दिसत नाही. त्याचे बूट तेवढे दिसायचे, आणि ते पूर्वीसारखेच गोठ्याकडे जायचे आणि परत यायचे. पण नदीवर तो थांबेना. मैदानावरून तसाच वेगात यायचा आणि न थांबता पाण्यात घुसायचा. ज्या काठावर ती कॉफी प्यायची तिथे एकट्याने उभे राहणे त्याला जमत नव्हते. मला हे समजत होते. समजले म्हणून पाणी पोटात जायचे थांबत नाही. थोडे थोडे जाऊ लागले.

आणि मग उन्हाळ्यात गेस्तुर मदतीला आला.

गेस्तुर आमच्या खोऱ्याचा डोंगरराजा आहे. शरदात मेंढ्या हाकून आणायला सगळी शेते डोंगरावर जातात, तेव्हा जो सगळ्यांचा पुढारी असतो त्याला इथे डोंगरराजा म्हणतात. डोंगरावर त्याचा शब्द शेवटचा. खाली उतरल्यावरही तो शेवटचाच असतो, अशी गेस्तुरची समजूत आहे. त्याच्या गाडीवर इतके दिवे आहेत की मेंढ्या दिपून उलट्या पळतात. त्याच्या बुटांना कधी चिखल लागलेला मी पाहिला नाही.

"ताईची इच्छा होती ना, नळी बसवायची? मग मी बसवतो," तो म्हणाला. "हे काय, कॉफी गरम आहे तोवर होईल."

आणि झाली. नळी त्याने सरळ वर नेली, केबिनच्या मागे नीट आवळली. हे त्याने बरोबर केले, आणि ते मी नाकारणार नाही. तिथे थांबला असता तर मी आजही गाडीखाली असतो. पण मोठ्या माणसाला काम संपले हे कळत नाही.

"वरचं टोक उघडंच आहे," तो म्हणाला. "वाऱ्याने ज्वालामुखीची राख उडते, ती आत जाईल." त्याने कुंपणाच्या तारेला अडकलेली लोकर ओढली, तळहातावर वळली आणि नळीच्या तोंडात अंगठ्याने कोंबली.

"हवा जाईल का त्यातून?" ओड्डुरने विचारले.

"लोकर आहे दाजी, सिमेंट नाही. वादळात नाकावर काय बांधता? लोकरच ना? मेलात का?"

इथे सगळ्यालाच लोकर लावतात. खिडकीच्या फटीत लोकर, कानात लोकर, बुटात लोकर. त्यामुळे ओड्डुरलाही ते पटले. ज्यांच्या घरातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या ओली लोकर तुडवून जाड कापड केले, त्यांना इतकेही आठवू नये? ओली लोकर हलत राहिली की घट्ट होते. वरून पाऊस, त्यात राख, आणि दिवसभर गाडीचे हादरे. गवत कापून होईतो त्या बोळ्याचा पक्का नमदा झाला होता. मुंगीचा श्वासही त्यातून गेला नसता.

मी तापलो की हवा फुगायची आणि तिला वाट नसायची. मग तिने माझ्या टोकांच्या सीलमधून वाट काढली. सील म्हणजे तेल आत ठेवणारी रबरी कडी. ती ढिली झाली आणि चाकांच्या आतून तेल झिरपू लागले. ओड्डुरला ते दिसले.

"घाम येतोय त्याला," गेस्तुर हसून म्हणाला. "म्हातारा झालाय. आपल्यालाही येतो."

ओड्डुरही हसला. मला या हसण्याचा राग आहे. गेस्तुर मूर्ख आहे, तो हसणारच. ओड्डुर शहाणा होता आणि तरी त्याने खाली वाकून पाहिले नाही.

मेंढ्या आणण्याच्या दिवशी ओड्डुर नेहमीसारखा न थांबता कोल्गेत घुसला. मी लालबुंद तापलेलो. पाणी लागताच पोटातली हवा आकसली. नाक बंद, म्हणून ढिल्या सीलमधून मी नदी प्यायलो. दगडाचे पीठ करून आणणारी नदी आहे ती. ते पीठ माझ्या दातांत आणि बेअरिंगांत गेले. दिवसभर मी त्याच्यासह फिरलो, भिजलेली खोगिरे आणि दमलेली कुत्री वाहिली, आणि संध्याकाळी किंचाळत परत आलो. वर बसलेल्यांनी गाण्यांचा आवाज वाढवला.

खाली गोल मेंढवाड्यात लोक कानांच्या खुणा बघून ज्याची मेंढी त्याच्या कप्प्यात ओढत होते. सूप उकळत होते, माणसे गात होती. ओड्डुर सगळ्या कप्प्यांत डोकावून आला. स्नोत्रा कुठेच नव्हती.

स्नोत्रा साधी मेंढी नाही. ती कळपाच्या पुढे चालणाऱ्या जातीची आहे. वादळ यायचे असेल तर ती आदल्या दिवशीच पाय रोवून उभी राहते. फ्रीदाने तिला बाटलीने वाढवले होते. फ्रीदाच्या हाकेला ती येई. बाकी कुणी शोधू लागले की खडकांत अशी बसे की पायाखाली आली तरी दिसू नये. या वेळी हाक मारायला फ्रीदा नव्हती.

हे सगळे झाल्यावर तो दिवस आला, घमेल्याचा. पुढचेही सांगतो.

ओड्डुर उठला, केबिनच्या मागे गेला आणि पकडीने नळीतून तो बोळा ओढून काढला. बाटलीच्या बुचासारखा कडक होता. त्याने तो गाडीच्या पत्र्यावर आपटला. टक्‌ असा आवाज आला.

"ही तुझी लोकर," तो म्हणाला.

गेस्तुरने बोळा उलटसुलट करून पाहिला. "हल्ली लोकरीतही पूर्वीसारखा दम नाही राहिला."

"राजे, तुमची गाडी द्या. स्नोत्राला आणतो."

"देतो की. माझी म्हणजे तुमचीच. पण आज रात्री नाच आहे, डोंगरराजा नाही गेला तर कसं दिसेल? मग रविवारी पाहुणे. पुढच्या आठवड्यात बघू."

"बर्फ पडेल."

"स्नोत्रा हुशार आहे. येईल आपली आपण."

"कोकरू पाठीवर घेऊन? नदी पोहून?" ओड्डुरचा आवाज चढला. "तुझ्या बहिणीची मेंढी आहे ती, गेस्तुर."

"हो हो, माहितीये. म्हणून तर म्हणतोय, पुढच्या आठवड्यात नक्की."

ओड्डुरचे बूट बराच वेळ जागचे हलले नाहीत. हे असले उत्तर त्याने कुणाला किती वेळा दिले होते, ते त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. गेस्तुर दिवे लावून, भर दुपारी, नाचाला निघून गेला.

घोड्यावर बसणे ओड्डुरला कंबर मोडल्यापासून बंद होते. म्हणून तो खोऱ्याच्या खालच्या टोकाला गेला आणि एका मोडक्या पिकअपखालचा अ‍ॅक्सल मागून आणला. मला सोडवून गोठ्यामागच्या गवतात ओढून टाकले. तिथून मी सगळे पाहिले. दुसऱ्या गाडीखालून काढलेला तो, नवा कसला, माझ्याच वयाचा, पण मिजास अशी की जणू आजच खडूची खूण झाली आहे. ओड्डुरने त्याची सील बदलली, तेल भरले. नळी स्वतः बसवली. वरचे टोक काठीच्या मुठीसारखे खाली वळवले, म्हणजे पाऊसही नको आणि राखही नको. त्यात काहीही कोंबले नाही. फुंकून पाहिले, ओढून पाहिले. हे एवढेच काम होते, मित्रांनो. एवढ्याचसाठी सगळे हंगाम गेले.

मला तुमची दया नको. गवतात पडून आहे, वरून मेंढ्या उड्या मारतात, ठीक आहे. पण तुमच्याकडे काम करणारे जे कुणी असेल, यंत्र असो की जनावर की माणूस, त्याला श्वास घ्यायला जागा ठेवा. कधी खाली वाकून त्याच्याकडे बघा. आणि जो चांगल्या कामानंतर अंगठ्याने आणखी काहीतरी कोंबतो, त्याचा हात धरा, मग तो राजा असला तरी.

ओड्डुर आता रोज सकाळी नदीपलीकडे जातो आणि अंधार पडायच्या आत परत येतो. एकदा त्याने अंगणात बोल्ट सोडवून तेल पाहिले. स्वच्छ, मधासारखे होते. शेजाऱ्यांनी नव्या अ‍ॅक्सलची पाठ थोपटली. गेस्तुरने तर नळी आपणच शोधून काढली असल्यासारखी सगळ्यांना दाखवली. दिवसभर स्नोत्राला हाका मारून ओड्डुरचा घसा बसला होता. त्याला फ्रीदासारखी हाक मारता येत नाही.

पलीकडच्या कड्यावर काल बर्फ पडले. स्नोत्राला अजून आणलेले नाही.