कोपऱ्यातली भाकरी

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मला चौकशीची फार खोड आहे. मी एक जुनी गोधडी आहे. रंग उडालेला, दोन ठिकाणी ठिगळं आणि एक कोपरा जरा जाडसर. दिवसा घडी होऊन पडायचं आणि अंधार पडला की कुणाच्या तरी अंगावर जायचं, एवढंच जिचं काम, तिला दुसरा उद्योग तरी काय असणार? माणसं बोलतात आणि मी ऐकते. ऐकलेलं नीट कळलं नाही, तर कळेपर्यंत मला चैन पडत नाही.

माझा जन्म नाशिकरोडजवळच्या एका वसाहतीत, बुद्धविहारातल्या शहाबादी फरशीवर झाला. साल एकोणीसशे बहात्तर, थंडीचे दिवस. वसाहतीतले बरेच पुरुष एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कामाला जात. दुपारची कामं आवरली की बायका विहारात जमत आणि गोधड्या शिवत. माझ्या वरच्या अंगाला मालनबाईच्या आईचं निळं लुगडं आहे आणि खाली सावळीराम गुरुजींचं धोतर. आत मालनबाईच्या नवऱ्याचा, मोतीरामचा, खाकी शर्ट आहे. त्याचा खिसा उसवायचा घाईत राहून गेला. त्यामुळे माझ्या पोटात एक खिसा आहे, असं मी अजूनही ऐटीत सांगते.

पण मी कुणासाठी शिवली जात होते? पहिला टाका पडला तेव्हापासून मला हाच प्रश्न पडला होता. मालनबाईच्या घरात तर पांघरुणांना तोटा नव्हता.

उत्तर गुरुजींनीच दिलं. ते नगरपालिकेच्या शाळेत शिकवत आणि दुपारी विहारात येऊन बायकांना वर्तमानपत्र वाचून दाखवत. त्या दिवशी वाचता वाचता त्यांचा आवाज खाली आला. बांगलादेशात नुकतीच लढाई संपली होती. त्या लढाईत पाकिस्तानी सैनिकांनी तिथल्या हजारो बायकामुलींवर अत्याचार केले होते. कित्येकींना छावण्यांत डांबून ठेवलं होतं. आता लढाई संपली, पण त्यांच्यातल्या पुष्कळजणींना घरचेच दारात उभं करत नव्हते.

"मंग त्या पोरी गेल्या कुठं?" मालनबाईनं विचारलं.

"तिथल्या सरकारनं त्यांच्यासाठी घरं उघडली आहेत," गुरुजी म्हणाले. "तिथं औषधपाणी होतं, शिवणकाम शिकवतात, पुन्हा पायावर उभं करतात. पण देश नवा आहे, मदत अपुरी पडते. आपल्या शहरात समिती झाली आहे. ती पांघरुणं गोळा करून तिकडे पाठवणार आहे. तेव्हा या हातातल्या गोधड्या तिकडेच देऊ."

"आन लोकं काय म्हंत्यात त्यांना?" कुणीतरी मागून विचारलं.

"लोक काय, नको ते बोलतात. पण सरकारनं जाहीर केलंय की या बायकांना कलंक लागलेला नाही. त्यांना वीरांगना म्हणायचं."

मागून विचारणारी होती भिमाबाई. तिच्याबद्दल सांगायलाच हवं, कारण माझी सगळी चौकशी तिच्याच भोवती फिरत होती. भिमाबाई चाळिशीची, वसाहतीतल्या शेवटच्या खोलीत एकटी राहायची. सायखेड्याहून भाजी आणून विकायची. सगळ्याजणी तिला मावशी म्हणत. शिवणाऱ्या बायकांत ती रोज येऊन बसायची, पण भिंतीशी. तिथून सगळ्यांच्या सुया ओवून द्यायची. तिची नजर अशी की दोरा एका फटक्यात जायचा. मात्र स्वतः ती एक टाका घालत नसे. बाळाचं दुपटं असो की नवरीची गोधडी, सुई ओवायची आणि पुढे करायची. का बरं? मी मनातल्या मनात शंभर कारणं शोधली होती. हात दुखत असेल, टाका वाकडा पडत असेल, आळस असेल. आळस म्हणावं तर पहाटे उठून भाजीच्या पाट्या वाहणारी बाई ती!

"गुरुजी," भिमाबाई म्हणाली, "ते पुन्ना वाचा."

"कुठलं, मावशी?"

"सरकारनं काय म्हनायचं सांगितलं ते."

गुरुजींनी पुन्हा वाचलं. तिनं ते आणखी एकदा वाचायला लावलं. मग ती भिंतीपासून उठली, माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "मालन, मला येक सुई दे. मी बी घालते टाके."

सगळ्यांचे हात थांबले. मालनबाईला नवल वाटलं असणार, पण तिनं काही विचारलं नाही. ती फक्त थोडी सरकली आणि म्हणाली, "या मावशी, हितं बसा."

आणि मग कळलं मित्रांनो, भिमाबाईचा टाका कसा होता ते. मुंगीच्या पावलाएवढा बारीक आणि सरळ. इतकी वर्षं हा हात नुसता सुया ओवत होता, याची मला भारी हळहळ वाटली. ती रोज येऊ लागली. माझ्या अंगावर बोट फिरवत कधी कधी पुटपुटायची, "कशी असंल गं ती? कोनाच्या आंगावर जाशीन तू?" मलाही तेच कुतूहल होतं. ती मुलगी उंच असेल की ठेंगणी? तिला माझा निळा रंग आवडेल का? मी आपली माझ्या परीनं तयारी करत होते.

शेवटचा कोपरा उरला आणि तिथे गाडी अडली. आमच्याकडे एक रीत आहे. गोधडी पुरी होताना शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा ठेवून टाका घालायचा. गोधडी उपाशी ठेवली तर ती ऊब देत नाही, असं बायका मानतात. पण या गोधड्या जाणार होत्या परदेशात, तेव्हा त्यांत भाकरी घालावी की नाही?

"नगं बाई," शेजारची सुलाबाई म्हणाली. "सरकारी काम हाय. उगं कशाला?"

बाकीच्या गोधड्यांचे कोपरे तसेच शिवले गेले. माझा कोपरा भिमाबाईकडे होता. तिनं पदराखालून भाकरीचा तुकडा काढला. "घरातून हाकललेली लेक ती," ती हळूच म्हणाली, "तिला उपाशी गोधडी कशी धाडू?" मालनबाईनं ते पाहिलं आणि मुद्दाम दुसरीकडे तोंड वळवलं. मी तर खूशच झाले. सगळ्यांत मीच तेवढी जेवलेली होते.

गुरुजींनी गठ्ठा सायकलला बांधून शहरातल्या समितीच्या केंद्रावर नेला. तिथे एक गृहस्थ एकेक पांघरूण चाचपून आत घेत होते. माझी पाळी आली. कोपऱ्यावर त्यांचा हात थांबला. तिथून मुंग्यांची रांग निघाली होती, पार खाकी खिशापर्यंत!

"गुरुजी, यात खाण्याचं काहीतरी आहे," ते म्हणाले. ते चिडले नाहीत, उलट त्यांनाच वाईट वाटलेलं दिसलं. "माल गोदामात किती दिवस पडेल, सांगता येत नाही. हिच्या एका कोपऱ्यापायी उंदीर सगळा गठ्ठा कुरतडतील. ही नाही घेता येणार. आठवड्यानं दुसरा ट्रक जाईल, त्यात दुसरी द्या."

त्यांचं काही चुकलं नव्हतं, हे मला आज कळतं. पण तेव्हा मी सायकलच्या कॅरिअरवर उलटी टांगली जाऊन परत येत होते आणि माझ्या बहिणी पुढे निघाल्या होत्या. मला रडता येत नाही, नाहीतर रस्ताभर रडले असते. कुणासाठी शिवले गेले, ते आता कधीच कळणार नव्हतं.

विहारात गुरुजींनी मला फरशीवर ठेवलं आणि झालेलं सांगितलं. भिमाबाईनं दोन्ही हात पदरात ओढून घेतले.

"मला ठावंच व्हतं," ती म्हणाली. "माजा हात लागाय नको व्हता. हात लागला आन परत आली."

"मावशी, मुंग्यांनी केलंय ते. तुमच्या हाताचा काय संबंध?" मालनबाई म्हणाली.

"हाय संबंध." तिनं एकदा गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी काय समजायचं ते समजले आणि उठून बाहेर गेले. मग ती खाली बघत बोलू लागली. "माजं माहेर निजामाच्या हद्दीत. रझाकारांच्या वक्ताला मी सोळा वर्सांची व्हते. मला उचलून नेलं व्हतं. सुटून घरी आले, तर आईनंच माजं ताट येगळं केलं. म्हनली, नवरीच्या, बाळाच्या कापडाला हात लावू नको, त्यांचं वाईट व्हईल. तवापासून म्या कुटं हात लावला नाय. गुरुजींनी ते वाचलं, सरकार त्यांना वीरांगना म्हंतंय, तवा वाटलं, त्यांच्या गोधडीला तरी माजा हात चालंल. त्या माज्यासारख्याच हायेत ना."

मित्रांनो, मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. आणि ते मिळाल्यावर वाटलं, आपण कशाला एवढी चौकशी करत होतो!

सुलाबाई डोळे पुसत होती. मालनबाई उठली, तिनं मला दारात नेऊन झटकलं, मुंग्या पडेपर्यंत झटकलं. मग आत येऊन तिनं मला भिमाबाईच्या खांद्यांवर घातलं आणि पुढून नीट ओढून घेतलं.

"घरच्यांनी टाकलेल्या लेकीसाठी शिवली व्हती ना आपण ही?" ती म्हणाली. "मंग ही बराबर जागी आली."

जिच्याबद्दल मी इतके दिवस विचार करत होते, ती उंच की ठेंगणी, कशी असेल, ती माझ्याच कोपऱ्याशी बसून टाके घालत होती. मी माझ्याजवळ होती नव्हती तेवढी सगळी ऊब तिला दिली.

"आता उद्या नवी धरायची," मालनबाई म्हणाली. "कोपरा तुमीच शिवायचा."

"आन ती बी परत आली तर?"

"तर तिसरी शिवू!"

"माजं लुगडं घ्या," सुलाबाई नाक ओढत म्हणाली, "नेसतं तेवढं सोडून." तेव्हा कुठे भिमाबाई हसली.

नवी गोधडी भराभर झाली. पुन्हा शेवटचा कोपरा आला. भिमाबाईच्या मांडीवर भाकरी होती, पण या वेळी ती आत घालता येणार नव्हती आणि उपाशी गोधडी पाठवायला तिचं मन घेत नव्हतं. ती नुसती बसून राहिली. तेव्हा मालनबाईनं तिच्यापुढे हात पसरला.

"गोधडीच्या वाटची आमाला द्या, मावशी. आमी खातो तिच्या नावानं."

भिमाबाई तिच्याकडे बघतच राहिली. सोळाव्या वर्षापासून तिच्या हातचं कुणी खाल्लं नव्हतं, तिनं कधी कुणाला दिलंही नव्हतं. तिनं एक तुकडा मोडला. मालनबाईनं तो तिथेच तोंडात टाकला. मग सुलाबाईनं हात पुढे केला, मग बाकीच्या सगळ्यांनी. भाकरी संपली आणि भिमाबाईनं कोपऱ्याला टाका घातला. ती गोधडी ट्रकमधून गेली. कुणाच्या अंगावर पडली ते मला माहीत नाही. आजही थंडीची चाहूल लागली की तिची आठवण येते.

मी मात्र भिमाबाईकडे राहिले. तिनं मला उन्हात घातलं, जपलं, वीजकेंद्राची राख बसली की गोदावरीच्या पाण्यात धुतलं. पुढे मोतीरामनं इंदिरानगरला घर बांधलं आणि मालनबाई तिला सोबत घेऊन गेली. तिथे माझे दिवस फिरले. घरात फुलाफुलांची मऊ ब्लँकेटं आली. मला आधी माळ्यावर टाकलं, मग इस्त्रीखाली अंथरलं. त्या वेळचा तांबूस डाग अजून माझ्या अंगावर आहे. तेव्हा रुसले होते मी, खोटं कशाला बोलू?

एक दिवस मालनबाईची लेक प्रज्ञा बाळंतपणाला माहेरी आली. बाळाच्या गोधडीसाठी जुनं कापड शोधताना तिच्या हाताला मी लागले.

"मावशी, या कोपऱ्यात काय आहे गं?"

चौकशीची खोड माझ्यासारखीच! मालनबाई तिला गप्प करणार होती, कारण इतक्या वर्षांत विहारातली गोष्ट कुणाही बाईनं बाहेर नेली नव्हती. पण भिमाबाईनं हातानं तिला थांबवलं आणि स्वतःच सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "पोरी, आता ही गोष्ट लोकांना सांगत जा. माजी काय चूक नव्हती. हे कळाय मला लय वर्सं लागली."

प्रज्ञा उठून आत गेली. मग तिनं आपली लग्नातली साडी आणून भिमाबाईच्या मांडीवर ठेवली. "माझ्या बाळाची गोधडी," ती म्हणाली, "पहिला टाका तुझा." भिमाबाईनं सुई ओवली आणि या वेळी ती कुणाच्याही पुढे केली नाही.

मित्रांनो, माझ्या कोपऱ्यातली भाकरी मुंग्यांनी केव्हाच संपवली. तिथे आता नुसतं दुमडलेलं कापड आहे, पण भिमाबाईची शिवण सुटलेली नाही. तुमच्या घरात माझ्यासारखी कुणी असेल तर तिला जरूर उन्हात घाला, उसवली तर टाका घाला, इस्त्रीखाली मात्र घालू नका. आणि तुमच्या आसपास कुणी भिमाबाई भिंतीशी बसून नुसत्या सुया ओवत असेल, तर तिला काय झालं होतं ते खोदून विचारू नका. चौकशीनं मला काही मिळालं नाही, मालनबाईच्या सरकण्यानं मिळालं. तुम्हीही थोडं सरका, तिला जागा करा, आणि तिच्याजवळ भाकरी असेल तर हात पुढे करून मागून घ्या.