धाकट्याचं मत

आमच्या घरात मत एकच, बाबांचं. बाकीच्यांनी ते फक्त पेटीत टाकून यायचं. लढाईच्या आधीही तसंच होतं, आणि लढाई संपल्यावरची ही पहिली निवडणूक आली तरी बाबांच्या डोक्यात काही फरक पडलेला नव्हता. सकाळची पावाची शेवटची खेप भट्टीत सारायच्या आधी त्यांनी जाहीर केलं, "मंत्रीसाहेबांना द्यायचं. सगळ्यात वरचं नाव आहे, शोधायलाही नको."

हा मंत्री म्हणजे लढाईचं खातं सांभाळणारा. सुगीपर्यंत पोरं घरी येतील, असं याने सभेत छाती ठोकून सांगितलं होतं. शेजारच्या शिंप्याचा मुलगा आलाच नाही. माझा धाकटा भाऊ आला, पण दोन्ही डोळे तिकडेच ठेवून. आता त्याच मंत्र्याने बाबांना छावणीच्या पावाचं काम परत द्यायचं कबूल केलं होतं. पोराचे डोळे गेले ते गेले, भट्टी तरी पेटती राहू दे, असं बाबांचं म्हणणं. ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"धाकट्याला विचारलंत?" मी म्हटलं.

"त्याला काय विचारायचं? न दिसणाऱ्याबरोबर घरचं माणूस आत जाऊ शकतं, नियमच आहे. मी जाईन."

"मी जाते."

"तू? तू त्या शाळेच्या बाईंच्या मागे वेडी झालेली. तू कसली जातेस."

ते काही खोटं नव्हतं. उमेदवार तिघंच, आणि मधलं नाव बाईंचं होतं. ही लढाई नको, असं त्यांनी भर चौकात सांगितलं होतं, तेव्हा लोकांनी त्यांच्या अंगावर दगड टाकले होते. त्यांच्यासाठी मी घरोघर चपला झिजवल्या. खालचं नाव सेनापतीचं. आता निवृत्त झालाय, पण त्याचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं. टेकडीवर चढा, हा हुकूम त्याचा, आणि धाकट्याचे डोळे गेले ते त्याच टेकडीवर. तोंड वर करून हा माणूस मतं मागतो, म्हणजे कमाल झाली.

आम्ही भांडत होतो आणि धाकटा पावांवर चिरा देत होता. परत आल्यापासून ते काम त्याचंच आहे. डाव्या हाताची बोटं कच्च्या पावावर आडवी टेकवायची, कुठे काय आहे ते बोटांनी धरून ठेवायचं आणि बोटाच्या कडेने पातं ओढायचं. त्याची चीर बाबांच्या चिरेपेक्षा सरळ येते.

"मत माझं आहे ना?" तो म्हणाला. "मग मी सांगतो तिथे शिक्का मारा. कोण येतंय त्याच्याशी मला देणंघेणं नाही."

"बरं बाबा, तू म्हणशील तसं," बाबा म्हणाले. इतक्या पटकन ते माझं कधी काही ऐकत नाहीत, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

मतदान शाळेत होतं आणि फाटकाशी मंत्र्याची माणसं उभी होती. लढाईवरून आलेला कोणी दिसला की त्याच्या खांद्यावर हात टाकायचे, फोटो काढायचे, की पुढचा. कुबडीवाल्याला तर दोनदा चालत यायला लावलं. मेल्यांना लाज नाही. आम्ही आत गेलो, बाबा धाकट्याला धरून आडोशामागे गेले आणि मी रांगेत राहिले.

आतून धाकट्याचा आवाज आला, अगदी शांत. "बाबा, वर मारलात."

"नाही रे. तू सांगितलंस तिथेच."

"माझी बोटं कागदावर होती. शिक्का पहिल्या बोटाच्या वरच्या बाजूला पडला. शाई अजून ओली आहे."

तो कागद हातात घेऊन बाहेर आला तेव्हा त्याच्या बोटाचं टोक जांभळं झालेलं होतं. सगळी खोली बघत होती. बाबा कसनुसं हसले. "पोराला भास होतात हो. तिकडून आल्यापासून असंच चाललंय."

इथे मात्र माझा बांध फुटला. "डोळे मंत्र्याने घेतले, मत तुम्ही घेतलंत," मी म्हटलं, "आता दात राहिलेत, तेही कोणाला देऊन टाका."

"घरची अब्रू चव्हाट्यावर मांडू नकोस."

"अब्रू घाला त्या भट्टीत."

टेबलामागच्या साहेबांनी घाम पुसला. कागद पेटीत पडला नसेल तर बदलून देता येतो, म्हणाले, आणि त्यांनी नवा कागद पुढे केला. "आता सोबत कोण?"

"ताई," धाकटा म्हणाला.

आडोशामागे मी शिक्का शाईला लावून तयारच होते. "बाईंना ना?" मी कुजबुजले.

"सेनापतीला."

माझा माझ्या कानांवर विश्वासच बसेना. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"मंत्री दवाखान्यात आला, हार घालून गेला. बाई आल्या, बिचारा म्हणून रडल्या. सेनापती तेवढा खाटेशी बसला आणि म्हणाला, हुकूम चुकला, चूक माझी होती."

"चूक म्हणे. चूक म्हटल्याने डोळे परत येतात का?"

"नाही येत. पण मत मी देतोय, ताई."

आणि मग त्याने कागदावरची बोटं उचलली आणि दोन्ही हात खिशात घातले.

खोटं कशाला सांगू, शिक्का मधल्या नावावरच धरलेला होता. टेकवला की झालं, कोणाला काय कळणार होतं. बाईंना एक मत मिळालं असतं, मला गार वाटलं असतं, आणि त्याचंच भलं केलं असं मी जन्मभर म्हणत राहिले असते. बाबाही असंच म्हणत असणार. मी दातओठ खात शिक्का खाली नेला आणि सेनापतीच्या नावापुढे इतका दाबला की टेबल हललं.

बाबा फाटकाशी थांबले होते. "मारलास ना तुझ्या बाईंना शिक्का? मग माझ्यात आणि तुझ्यात फरक काय राहिला?"

"कुणाला दिलं ते त्याला विचारा," मी म्हटलं. "तो हात खिशात घालून उभा होता, बाबा."

धाकट्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही घराकडे निघालो. भट्टी येईपर्यंत मी त्याच्याशी एक अक्षर बोलले नाही, इतका मला त्याचा राग आला होता.