गेरूखालचं लोखंड

गंजलेला स्क्रू आणि माझा भाऊ मनिष, या दोघांत मला स्क्रू परवडतो. त्याला डिझेल पाजलं, तापवलं, थोडा वेळ दिला की तो कधीतरी ऐकतो.

आंबागडला आमच्या घरामागे बाबांची जीप उभी होती. बाबा गेल्यापासून ती जागची हललेली नव्हती. चाकांत गवत वाढलेलं, बॉनेटवर कोंबड्यांचा मुक्काम. मनिषला त्या जागेवर ट्रॅक्टरसाठी शेड टाकायचं होतं. त्यानं भंगारवाला बोलावला आहे हे कळल्याबरोबर मी शहापूरहून निघाले, फाटकात आडवी उभी राहिले आणि तोंडाला येईल ते बोलले. भंगारवाला बिचारा टेम्पो वळवून निघून गेला. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई भरते, म्हणजे गावची जत्रा.

"मंडईच्या आत सोताच्या इंजिनवर फाटकाबाहेर काढ," मनिष म्हणाला. "निघाली त तुही. नाही निघाली त भंगारात. मंग रडत नोको येजो."

"रडाले मी तुह्याकडे येईन व्हय?"

मी हायवेवरच्या एका गॅरेजात डिझेल इंजिनाचं काम करते. बाई इंजिन खोलते हे बघायला लोक चहाचा कप हातात घेऊन थांबतात. मी त्यांना पाना धरायला लावते, मग गर्दी कमी होते. त्यामुळे जीप चालू करणं मला जमणार की नाही हा प्रश्न नव्हता. मला ती हवी होती, एवढंच. शेताचा हिस्सा मी मागितला नव्हता, मायच्या अंगावरचं काही मागितलं नव्हतं. बाबा तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराकडे स्वतःची ही जीप चालवायचे, पानांची पोती जंगलातून आणायचे. मी शाळेत असताना रविवारी ते मला सोबत न्यायचे आणि याच जीपवर त्यांनी मला गाडी शिकवली. मनिषला नाही, मला. तो तेव्हापासून जळतो आणि मी तेव्हापासून मिरवते.

सुट्टी मिळेल तशी मी येत गेले. जंगलाच्या वाटा आणि धानाच्या बांध्यांतला चिखल त्या गाडीनं वर्षानुवर्षं अंगावर घेतला होता. खालच्या पत्र्याचा एकही स्क्रू धड निघाला नाही. डोकं तुटायचं आणि दांडी आतच राहायची. अशा वेळी घाई करणारा माणूस गाडीचं वाटोळं करतो. आधी आसपासचं लोखंड तापवायचं, मेणबत्तीचं मेण आट्यांत मुरू द्यायचं, मग उरलेल्या दांडीवर नट ठेवून वेल्डिंग मारायची. निवलं की पाना लावून आधी किंचित आवळायचं, मग सोडायचं. पुन्हा आवळायचं, पुन्हा सोडायचं. मनिष दातात काडी घालून बघत बसायचा आणि म्हणायचा, "निंगलं का एखादं, का तसंच घासून रायली?" मी पाना फिरवत राहायची. माय तर त्या बाजूला फिरकायचीही नाही. जेवायला वाढायची, ताट सरकवायची आणि उठून जायची. तिचा राग मी आवाजावर आणि धुरावर ढकलून दिला होता.

शेवटी इंजिनाचं वरचं काम राहिलं. डिझेल फवारणारे नोझल काढून मी तपासायला शहापूरला नेले. नोझल जागेवर दाबून धरणारे स्टड, म्हणजे बिनडोक्याचे बोल्ट, इंजिनच्या हेडमध्येच होते, उभेच्या उभे, चांगले. नोझलच्या भोकांत कचरा जाऊ नये म्हणून कापडाचे बोळे कोंबून मी गेले.

दिवाळी तोंडावर आली होती. परत आले तर घराला छुई, म्हणजे पांढरी माती, मारून झाली होती आणि माय ओट्याला गेरूची किनार काढत होती. मी नोझल घेऊन सरळ जीपकडे गेले. बॉनेट उचललं आणि माझ्या तोंडून शिवी निघाली. दोन स्टड तुटले होते, अगदी हेडच्या सपाटीला. तुटलेलं तोंड लालभडक. बोळे मात्र जागच्या जागी होते.

मनिष आलाच मागून. "गंजलं असन," तो म्हणाला. "जुनी गाडी हाय बाप्पा. सोड आता."

स्टड तुटतात, मला काय नवीन आहे? पण जो गंजून तुटतो त्याचा लाल रंग लोखंडात मुरलेला असतो, तो डिझेलनं पुसला जात नाही. वेल्डिंगआधी तोंड साफ करावं म्हणून मी डिझेलची चिंधी फिरवली आणि सगळा लाल रंग चिंधीवर आला. खाली लोखंड चकचकीत, ताजं तुटलेलं. बोटांवर चोळून पाहिला. गेरू होता.

माझं डोकं फिरलं. मी मनिषची कॉलर धरली. "घण मारून तोडले, वरून गेरू फासला? शर्त हरून रायला म्हणून? लाज नाही वाटत तुले?"

"सोड! मीनं हात नाही लावला."

"मंग कोणं लावला? कोंबड्याइनं?"

"मले माहीत नाही म्हटलं ना!"

त्याचा आवाज फाटला. मी त्याला ढकललं, तो शेणाच्या ढिगाऱ्यावर बसला. उठून माझ्यावर धावणार इतक्यात ओट्यावरून माय उतरली. कोपरापर्यंत हात लाल.

"त्याले कायले मारतं?" ती म्हणाली. "मीनं तोडले."

मला हसूच आलं, घाणेरडं हसू. "तू? कायले?"

"लाकडं फोडाच्या घणानं. गंज दिसाव म्हणून गेरू लावला. मले काय माहीत तू चाटून पाहशीन."

"माये, ते बाबाची गाडी हाय."

"म्हणूनच." ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. एवढ्या वर्षांत ती त्या जीपच्या इतक्या जवळ आलेली मी पाहिली नव्हती. "तुले वाटते तुहा बाप तुले गाडी शिकवाले नेत होता? सिहोऱ्याले नेत होता. त्या बाईच्या घरी. एकटा गेला असता त मी आडवी झाली असती. पोरगी संग हाय म्हटल्यावर मी काय बोलणार? डबा बांधून देत होती मी, दोघाइचा."

"खोटं नोको बोलू."

"मंग तूच सांग. सिहोऱ्याले गेल्यावर तो कुठं राहे?"

सिहोऱ्याच्या तलावाची पाळ मला दिसली. बाबा खाली उतरायचे आणि म्हणायचे, मी येतो, तोवर पाळीवरून रिव्हर्स घेत राहा, चाक खाली उतरता कामा नये. मी घेत राहायची. पार टोकापर्यंत मागे, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. मान अवघडून जायची. डबा त्यांच्या हातात असायचा. ते परतायचे तेव्हा तोंडात पान असायचं आणि माझी पाठ थोपटून म्हणायचे, शाब्बास. मला तेव्हा काही कळलं नाही, आणि कळायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. मी शाळेतली पोर होते.

"याले माहीत हाय?" मी मनिषकडे बोट केलं.

तो कपड्यावरचं शेण झटकत राहिला.

"साऱ्या गावाले माहीत हाय," माय म्हणाली. "तुलेच कोणं सांगितलं नाही. तू बापाचं नाव घेऊन नाचत होती. आता मंडईत सारं गाव जमन, अन् तू त्याची गाडी घेऊन त्याइच्या समोरून जाशीन. लोक म्हणतीन, पाहा, हिरालालची जीप निंगाली पुन्हा. मले ते पाहाचं नव्हतं. भंगारवाल्यानं तुकडे करून नेले असते त मी त्याले चहा पाजला असता."

"मंग सांगाचं होतं ना मले! चोरावानी तोडाचं काहून?"

"सांगितलं असतं त ऐकलं असतं तू?"

नसतं ऐकलं. तेवढं तिला बरोबर ठाऊक होतं.

मी दोघांकडे पाठ केली आणि वेल्डिंगची मशीन लावली. राग कुणावर काढायचा हे ठरत नव्हतं. मेलेल्यावर काढता येत नाही, मायवर काढवत नव्हता. आता मला जीप हवी होती की नको तेही सांगता आलं नसतं. पण मनिषला शेड टाकू द्यायचं नव्हतं, आणि दुसऱ्यानं तोडलेलं माझ्या हातून तसंच राहिलं असं कुणी म्हटलेलं मला खपलं नसतं. पहिला नट वेल्डिंगसकट उखडून आला. व्होल्टेज पडत होतं. दुसऱ्यांदा मारला, निवू दिला, मेण सोडलं. आवळलं, सोडलं. कुरकुर आवाज आला आणि दांडी हलली. एरवी अशा वेळी मी खूश होते. त्या दिवशी मला त्या दांडीचा संतापच आला. दुसरी निमूट निघाली. नवे स्टड बसवले, नोझल दाबले, डिझेलमधली हवा काढली आणि स्टार्टर मारला. काळा धूर ओट्यापर्यंत गेला, मायच्या ताज्या छुईवर बसला. इंजिन चालू राहिलं.

जीपचं तोंड भिंतीकडे होतं. फाटक मागे, दोन्ही बाजूंना जेमतेम हातभर जागा, त्यात मनिषनं एका अंगाला धानाची पोती रचून ठेवलेली. तो फाटकाजवळ हाताची घडी घालून उभा राहिला. कुठे घासते याचीच वाट बघत होता.

मी मान मागे वळवली आणि क्लच सोडला. एका दमात, सरळ, पोत्यांना न शिवता, खांबाला न लागता, जीप रस्त्यावर आली. पाय आपोआप पडत होते, हात आपोआप फिरत होते. मनिष बाजूला झाला.

माय फाटकापर्यंत आली. इंजिनच्या आवाजात तिला ओरडावं लागलं.

"रिव्हर्स मात्र चांगला शिकवला त्यानं तुले!"

गाडी बाहेर निघाली की मनिषच्या तोंडावर हसायचं, असं मी किती दिवसांपासून ठरवलं होतं. मी स्टिअरिंग धरून बसून राहिले. जीप माझी झाली होती आणि तिच्यातून खाली उतरावं की तशीच निघून जावं, हे मला कळेना.