बेंबीच्या उंचीचा फोटो

माझ्यावर चिडायचं असलं तर आधी पूर्ण ऐका, मग चिडा. मीबी माझ्यावर चिडूनच बसलोय.

मी बजरंग. वालूरात माझा फोटो स्टुडिओ हाय. पासपोर्ट, लग्न, बारसं, सगळं काढतो. पण जीव खेळाच्या फोटोत. जिल्ह्यात कुठं खो-खो असू द्या, कबड्डी असू द्या, मी कॅमेरा घेऊन हजर. पेपरवाले फोटो छापतात आन् खाली माझं नाव द्यायचं विसरतात. चालायचंच.

ह्या नादाला मला लावलं किशनराव गुरुजींनी. गुरुजी लाल झेंड्याचे. त्यांच्या घरात रशियाची जुनी मासिकं गठ्ठ्यानं पडलेली. एका दुपारी त्यांनी मला त्यातले फोटो दाखवले, शंभर वर्षांपूर्वीचे. रोडचेंको म्हणून एक बाबा होता तिकडं, त्याच्यासारखे आणखी दोघं-चौघं. काय फोटो हो! पाण्यात उडी घेणारा गडी आभाळात गुंडाळी होऊन लटकलेला, खाली पाणीच न्हाई. कवायतीला निघालेली माणसं पार वरून टिपलेली, माणसापेक्षा सावली लांब. बिगूल वाजवणारं पोरगं खालून काढलेलं, निस्ती हनुवटी आन् गाल.

गुरुजी म्हणले, "बजरंगा, ह्याचं म्हणणं काय होतं ठाऊक हाय का? बेंबीच्या उंचीवरून सोडून कुठूनबी फोटो काढा."

त्या काळी कॅमेरा पोटाशी धरून सरळ समोरून फोटो काढायचे, म्हणून बेंबी. माझं डोकंच फिरलं. त्या दिवसापासून मी बेंबी सोडली. पाण्याच्या टाकीवर चढलो, खड्ड्यात बसलो, लिंबाच्या फांदीला लटकलो. लोक म्हणायचे, बजरंगाला येड लागलं. मी म्हणायचो, तुमाला कळत न्हाई तर गप बसा.

दोन हजार वीसच्या जानेवारीत खो-खोची राज्य स्पर्धा होती. परभणीच्या मुलींच्या संघात आमच्या वालूरच्या दोघी, दैवशाला आन् प्रियांका. पंधरा-पंधरा वर्षांच्या, दोघी एका उंचीच्या, एका अंगाच्या, पाठमोऱ्या बघितल्या तर आईनंबी फसावं. सिद्धोधन सर त्यांचे कोच. मी आपल्या हौसेनं त्यांच्यासंगं गेलो. आयोजकांच्या हातापाया पडून खांबाच्या मागं दीड फूट खड्डा खांदून घेतला आन् त्यात पालथा पडून राहिलो.

तिसऱ्या नंबरचा सामना. शेवटचं मिनिट. आमच्या पोरीनं खांबाजवळ असा सूर मारला की मी श्वास घ्यायचं विसरलो. बटण दाबलं तेवढं आठवतंय. फोटोत काय हाय? आभाळ, खांब, ताणलेला हात, आन् कॅमेऱ्याच्या तोंडावर आलेले दोन तळपाय. तोंड दंडाआड. पाठीवरचा नंबर पलीकडं. आडवं अंग हवेत, जमिनीचा पत्ता न्हाई. रशियावाल्यानं बघितला असता तर पाठ थोपटली असती, असं मला वाटलं. अजूनबी वाटतं, हेच तर दुखणं हाय.

सामना जिंकला. सर म्हणले, "बजरंग, सर्टिफिकेटं हातात देऊन पोरींचा एक ग्रुप फोटो काढ बरं."

पोरी बिचाऱ्या तोंडं धुऊन, वेण्या नीट करून वळीनं उभ्या राहिल्या. आन् मी? मी म्हणलो, "बॅटरी संपली सर." बॅटरी होती. पण वऱ्हाडावाणी उभी केलेली माणसं मला काढायची नव्हती. सरांचा मोबाईल फुटलेला, पोरींकडं मोबाईल कुठला? झालं. पोरी हसत-खिदळत पांगल्या.

त्या सुराच्या फोटोला पुण्याच्या एका प्रदर्शनात दुसरा नंबर मिळाला. पेपरात आला, खाली 'परभणीच्या खेळाडूची चपळाई' एवढंच. मी मात्र स्टुडिओत मोठा करून लावला आन् येईल त्याला सांगायचो, "ही आमची दैवशाला!" खांबावर सूर मारावा तर तिनंच. दैवशालाच्या आईनं पेपरचं कात्रण भिंतीला चिकटवलं होतं.

आता यंदाची गोष्ट. दैवशाला पोलीस भरतीत उतरली. मैदानी निघाली, लेखी निघाली, खेळाडूंच्या जागेवर नाव लागलं. वालूरात पेढे वाटले. आन् मग सर्टिफिकेटाची पडताळणी आली. बोगस सर्टिफिकेटवाल्यांनी असा घोळ करून ठेवलाय की खऱ्याखुऱ्या पोरांनाबी चोरावाणी उभं राहावं लागतंय. स्पर्धा घेणाऱ्या संघटनेत दोन गट पडलेले, भांडणात सामन्यांच्या गुणपत्रिकाच गायब. सरांनी पत्र दिलं, पण नुसत्या कोचच्या पत्रावर भागत न्हाई म्हणले. तिथं खेळल्याचा काहीतरी पुरावा आणा, फोटो आणा.

दैवशाला धावत माझ्याकडं आली. "मामा, तुमच्याकडं असतील ना फोटो?"

"असतील म्हंजी? ढीग हाय, बाई!"

तीन दिवस मी कम्प्युटरसमोर बसलो. चार हजार फोटो. टाकीवरून टिपलेले पोरींचे भांग. सावल्या. गुडघे. धुरळ्यातले हात. हनुवट्या. माणूस वळखू येईल असा एकबी न्हाई! घाम फुटला हो मला. शेवटी म्हणलं, सूर तर हाय आपल्याकडं, बक्षिसाचा. तोच घेऊन संभाजीनगरचं क्रीडा हापीस गाठायचं, मी स्वतः साक्ष द्यायची.

रेल्वेत ती हळूच म्हणली, "मामा, दुसरा एखादा सापडलाच न्हाई का?"

मला राग आला. "ह्या फोटोला काय धाड भरलीय? पुण्यात नंबर आलाय त्याचा!"

 ती जिंतूरच्या आत्याकडून मागून आणलेली फाईल मांडीवर घट्ट धरून बसली होती. सर्टिफिकेट त्यात प्लास्टिकमध्ये घातलेलं.

हापिसातल्या मॅडम चांगल्या होत्या, उगी खोटं कशाला बोलू. फोटो उजेडाकडं धरून त्यांनी लय वेळ बघितला. "सुंदर आहे हो," म्हणल्या. "पण चेहरा कुठंय?"

मी बोलायला लागलो. तारीख, मैदान, खड्डा, सगळं सांगितलं. फोटोची मूळ फाईल दाखवली, त्यावर वेळ हाय, अंगावर परभणीची जर्सी हाय. मॅडमनी विचार केला आन् म्हणल्या, "असं करा. फोटोतली खेळाडू हीच, असं तुम्ही लिहून द्या. तिनंही खाली सही करावी. मी शिफारस जोडून पुढं पाठवते."

मी फटक्यात लिहून दिलं. सही ठोकली. पेन दैवशालाच्या हातात दिला.

तिनं पेन धरला. कागद बघितला. फोटो बघितला. मी म्हणलो, "कर की गं सही!"

तिनं पेन खाली ठेवला. "मॅडम, ही मी न्हाई. ही प्रियांका हाय."

मला वाटलं, पोरगी घाबरून बरळायलीय. "अगं येडे, काय बोलायलीस?"

"मामा, तिच्या टाचेवर बघा. काटा काढताना चिरलेलं हाय, आडवं. मीच धरला होता तिचा पाय." तिनं फोटोवर बोट ठेवलं. खरंच होतं. माझा कॅमेराच असा धारदार की टाचेवरची भेग न् भेग मोजून घ्यावी. पाच वर्षं मी त्या फोटोखाली बसून चहा पिलो, मला ती खूण कधी दिसली न्हाई. "मी तिला खो देऊन खाली बसले होते," ती म्हणली. "मी फोटोत न्हाईच."

मॅडमनी चष्मा काढला. माझा कागद माझ्याकडं सरकवला. "दुसरं काही मिळालं तर महिनाअखेरपर्यंत आणा," एवढंच म्हणल्या.

बाहेर आल्यावर माझा तोल गेला. "अगं, सही केली असतीस तर कोणाला कळत होतं? माझ्या बाला कळलं नसतं! आन् पाच वर्षं तोंड शिवलं होतं का तुझं?"

ती रडली न्हाई. तिनं रडायला पाहिजे होतं. म्हणली, "तुमी सगळ्याला माझं नाव घेऊन सांगायचे. आईनं भिंतीला लावला. मला बरं वाटायचं, मामा. मग सांगायचं राहूनच गेलं. सकाळी निघतानाबी वाटलं, करावी सही."

"मग?"

"प्रियांका पुढच्या भरतीची तयारी करायलीय. दिवसभर नवऱ्यासंगं ऊस तोडती आन् पहाटं उठून पळती. तिलाबी हेच विचारतील, खेळल्याचा पुरावा दाखव. तिच्यासाठी हा एवढा एकच फोटो हाय. टाच दाखवली की झालं तिचं. मी त्याच्यावर सही करून ठेवली असती तर तिनं काय दाखवलं असतं?"

  दोन पोरी माझ्यासमोर इतकी वर्षं खेळल्या आन् कोण कुठली हे मला सांगता येत नव्हतं. आभाळ दिसलं, खांब दिसला, सावली दिसली, लेकरू दिसलं न्हाई. रशियावाल्याचा काय दोष? तो सांगून गेला कुठून बघायचं. कोणाकडं बघायचं, हे तर माझं मला कळायला पाहिजे होतं.

परतीच्या गाडीत गर्दी होती.  सेलूच्या ठेसनावर उतरल्यावर फोटोचं पाकीट तिनं माझ्या हातात दिलं. "मामा, एवढा प्रियांकाला पोचता करा. तिनं अजून बघितलाबी न्हाई."

"करतो," मी म्हणलो. "आन् तुझं, दैवशाला?"

"महिनाअखेरपर्यंत हाय ना टाईम. तुमी आणखी एकदा बघा की, कुठंतरी असंलच मी. एवढे चार हजार फोटो हायेत."

मी हो म्हणलो. माझं तीनदा बघून झालं होतं.