वीतभर वर

भाजी चिरायच्या सुरीने तिने बांबूउडीच्या पोलवर चिकटवलेला कागदी झेंडा खरवडायला घेतला. आधी कोपरा सुटला, मग अर्धा झेंडा फाटून हातात आला आणि उरलेला तिथेच हट्टाने चिकटून बसला. त्याखाली नावाची चिठ्ठी होती. तीही तिने थुंकी लावून, नखाने घासघासून काढली. मैदानाच्या कडेच्या पत्र्याच्या खोलीत, अडथळा-शर्यतीच्या जुन्या चौकटींच्या गर्दीत तिची पोर पायाशी फतकल मारून बसली होती आणि खडूच्या भुकटीत बोटे बुडवून स्वतःचे नाक रंगवत होती.

"आई, काय कत्ते?"

"काही नाही गं. मळ लागलाय, तो काढतेय."

पोरीने लगेच फ्रॉकचा घेर मुठीत धरला आणि आईच्या मदतीला पोल पुसू लागली. तिने सुरी बाजूला ठेवली. पोरीला उचलून कडेवर घेतले, उगाचच.

बाहेरून सरांची हाक आली. "अगं बाई, पोल काढतेयस की नवीन बनवतेयस? ती पोरगी थंडीत गारठून उभीय."

"आले, सर."

बांबूउडीतला बांबू जाऊन जमाना झाला. आता काचतंतूचे पोल असतात, ज्याच्या त्याच्या वजनाला बेतलेले. प्रवासात ते मोडतात, गहाळ होतात, कधी दुसऱ्याच गावी जाऊन पडतात. म्हणून या खेळात एक रीत आहे: ज्याच्याकडे पोल नसेल त्याला आपला द्यायचा, मग तो आपल्यालाच हरवणार असला तरी. हे पोल बगळीचे होते. बगळी शेजारच्या देशाची. उंच, लांब पायांची, धावताना मान पुढे काढणारी, म्हणून तिला सगळे बगळीच म्हणायचे. बाळंतपणानंतर हिचे, पोरीच्या आईचे, वजन वाढले, जुने पोल हिच्याखाली वेताच्या काठीसारखे वाकायला लागले, तेव्हा बगळीने मोसम संपताना आपला अख्खा गठ्ठा इथेच ठेवला होता.

"वापर. पुढच्या खेपेला येईन तेव्हा नेईन. आणि पोरीला ते दातांनी कुरतडू देऊ नकोस."

पुढची खेप आलीच नाही. त्याआधी बगळीच्या सरकारने आपल्या सरहद्दीपलीकडच्या तिसऱ्याच देशात फौजा घातल्या. आणि आज त्याच पलीकडच्या गावातली, घरदार सोडून आलेली उडीपटू, सगळ्यांची छोटी, बाहेर धावपट्टीवर उभी होती. अंगावर कुणाचा तरी सैल स्वेटर, हातात काहीच नाही.

पोल खांद्यावर आणि पोर कडेवर घेऊन ती बाहेर आली. सर छोटीशी वाद घालत होते. म्हणजे सर बोलत होते आणि छोटी बुटांच्या नाड्या बांधत होती.

"मला एवढंच सांग," सर म्हणाले, "त्यांच्या सरकारनं केलं ते त्यांच्या खेळाडू मुलींनी केलं का? त्यांनी काय बॉम्ब टाकले?"

छोटीने दुसऱ्या बुटाची नाडी ओढली. "आमच्या मैदानातल्या उडीच्या गादीनं काय केलं होतं, सर? ती पण जळलीच."

"तसं नाही गं—"

"त्यांची मुलगी जिंकली की त्यांचं गाणं वाजतं. त्यांचे लोक टाळ्या वाजवतात. आमच्याकडे भोंगा वाजतो आणि आम्ही तळघरात पळतो. मी नाही त्यांच्याबरोबर एका ओळीत उभी राहणार."

सरांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

तिने मान खाली घातली आणि पोरीच्या नाकावरचा खडू पुसू लागली. बगळीच्या देशाच्या खेळाडूंवर स्पर्धांत बंदी घालायची का, हाच वाद महिन्यापूर्वी संघटनेच्या सभेत झाला होता. खेळाडूंची प्रतिनिधी म्हणून ती तिथे होती. दोन्हीकडचे बोलणे तिला पटत होते. पोर झाल्यापासून तिला सगळ्यांचेच पटायला लागले होते. मग अध्यक्ष म्हणाले, बंदीच्या बाजूचे हात वर करा, आणि तिचा हात वर गेला. जळलेल्या गावाची चित्रे डोळ्यांपुढे होती, हे खरे. पण त्याच्या जराशी आधी डोक्यात दुसरेच काही येऊन गेले होते. मोठ्या स्पर्धेत बारा जागा, आपण तेराव्या, बगळी निघाली की… बस, इतकेच. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. पण आधी. हात नेमका कशाने उचलला, ते तेव्हापासून तिला ठरवता येत नव्हते. कुणी कुठल्या बाजूने हात वर केला ते बाहेर सांगायचे नाही असे सभेत ठरले होते. ते तिने काटेकोर पाळले.

"हे घे," ती छोटीला म्हणाली. "तुझ्या वजनाला हा बसेल."

छोटीने पोल घेतला, हातात तोलला. मग पकडीच्या जागी बोटे फिरवली आणि थांबली. पोल वळवून तिने चिकटपट्टीचे वेढे पाहिले.

"उलटी गुंडाळलीय."

झेंडा काढला, नाव काढले, आणि पट्टी तशीच राहिली. बगळी डावखुरी. तिच्या पोलवरची पट्टी नेहमी उलट्या बाजूने चढायची, सगळ्या धावपट्ट्यांवर तिची चेष्टा व्हायची त्यावरून.

"ताई, बगळीचा आहे ना हा?"

"हो."

"मग नाव कशाला खरवडलंस?"

छोटीने उत्तराची वाट पाहिली नाही. तिने हाताला खडू लावला, पोल उचलला.

"तिला सांग, मी बंदीच्या बाजूची आहे. लपवून ठेवू नकोस."

"आणि पोल?"

"पोल चांगला आहे," छोटी म्हणाली आणि धावपट्टीच्या टोकाकडे चालू लागली.

सर नुसते हसले. "ऐकलंस?" असे काहीतरी पुटपुटले आणि उडीची आडवी दांडी चढवायला गेले.

ती बाकावर बसली. पोरीला मांडीवर घेतले, फोन काढला. इतके दिवस बगळीचे निरोप येत होते आणि ती पोरीचे फोटो पाठवून वेळ मारून नेत होती. आज तिने सरळ फोन लावला.

"अगं, जिवंत आहेस का?" बगळीचा आवाज होता तसाच. "फोटोतली पोर मोठी झाली, आई कुठेच दिसत नाही."

"तुझ्या पोलवर छोटी उडतेय. पलीकडची."

बगळी हळूच म्हणाली, "बरं झालं. कशी उडतेय?"

"आत्ता धावतेय." छोटी धावत आली, पोल जमिनीतल्या पेटीत रोवला, तो वाकला, आणि ती वर गेली. छाती दांडीला लागली. दांडी तिच्यासकट गादीवर आली. "पाडली."

"पकड खाली धरतेय का?"

"हो, वाटतंय तसं." तिने श्वास घेतला. "ती म्हणाली, तुला सांग. ती बंदीच्या बाजूची आहे."

"असणारच. मी तिच्या जागी असते तर मीही असते." बगळीकडे भांडी वाजली. "सगळ्यांचेच हात वर गेले असतील त्या दिवशी. तू तेवढी असशील खाली ठेवणारी. मी इथे सगळ्यांना सांगते."

पोर मांडीवरून घसरून खाली उतरू पाहत होती. तिने तिला घट्ट धरून ठेवले. हो म्हटले असते तरी कुणाला कळले नसते. काहीच बोलली नसती तरी चालले असते.

"नाही गं," ती म्हणाली. "माझाही वर होता."

फोनमधून कुठलातरी नळ वाहत असल्याचा आवाज येत राहिला. मग कुणीतरी तो बंद केला.

"छोटीसारखा?" बगळीने विचारले.

ती पोरीच्या फ्रॉकवरचा खडू झटकू लागली. बगळीने पुन्हा विचारले नाही. फोन मात्र तिने ठेवला नव्हता. तिचा श्वास ऐकू येत होता. धावपट्टीच्या टोकाशी छोटी पुन्हा खडू लावत होती.

"परत निघाली का ती?" शेवटी बगळी म्हणाली.

"निघतेय."

"मग बसलीयस काय? जाऊन सांग तिला. पकड वीतभर वर. तो पोल कडक आहे, खाली धरून नाही वाकायचा."

फोन बंद झाला. तिने पोरीला बाकावर बसवले आणि धावपट्टीकडे चालू लागली.

"छोटी, थांब. पकड वर घे."

"किती?"

तिने अंगठा आणि करंगळी ताणून हात वर केला. छोटीने त्या हाताकडे बघत पोलवरची बोटे सरकवली, आणखी थोडी सरकवली, आणि मान डोलावली. मागे बाकावरून पोरीनेही आपला खडू लागलेला हात वर धरला होता.