उस्तादाचे हात

"यात वजनच नाही," असं म्हणून काका स्टुडिओच्या मधोमध खाली बसला. अंगात घट्ट काळा पोशाख, त्यावर गुडघ्यांपासून बोटांच्या टोकांपर्यंत चिकटवलेले पांढरे मणी, आणि चेहऱ्यावर लहान मुलासारखा रुसवा. भोवतीचे चोवीस कॅमेरे त्याच्यावर रोखलेले होते. त्याला इथे आणण्याची अक्कल माझीच होती.

आम्ही व्हिडिओ गेम बनवतो. मणी लावलेल्या माणसाची हालचाल कॅमेरे टिपतात आणि पडद्यावरचं पात्र तशीच्या तशी करतं. या गेममध्ये उस्ताद नावाचं पात्र आहे. आठशे वर्षांपूर्वीचा इराणी यंत्रकार, आम्हीच रचलेला. तो पाण्यावर चालणारी घड्याळं बनवतो, विहिरीतून पाणी वर आणणारी चाकं बनवतो, आणि खेळणारा माणूस उस्ताद होऊन ती जोडतो. त्याचं नाक, दाढी, पागोटं, कपाळावरच्या आठ्या, सगळं मी दोन वर्षं खपून घडवलं होतं. हात मात्र जमेनात. ज्या नटाच्या हालचाली आम्ही आधी टिपल्या, तो गुणी होता, पण हातोडी अशी धरायचा की लोखंडाला गुदगुल्या व्हाव्यात. शेवटी दिग्दर्शकाने हात टेकले. आज संध्याकाळपर्यंत काम करणारा माणूस खरा वाटला नाही, तर उस्तादाची कार्यशाळाच कापायची. उस्ताद मग भिंतीवरच्या चित्रापुरता उरणार होता.

तेव्हा मला काका आठवला. चाळीस वर्षं पंप दुरुस्त करणारा माणूस, त्याच्या हातांत खोट कुठून येणार? माझे बाबा आणि तो एकाच दुकानात काम करायचे. मी सहा वर्षांची असताना बाबा कामावर शॉक लागून गेले. घरात त्यावर तेवढंच बोललं जाई. पुढे मला काकानेच वाढवलं. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "या वयात हात दाखवून अवलक्षण कशाला?" पण सकाळी सातलाच दाढी करून तयार होता.

आणि आता तो बसला होता. हवेत नट-बोल्ट आवळायचं नाटक मला येत नाही, म्हणाला. हातात वजन नसलं की हात खोटं बोलतो. दिग्दर्शक घड्याळ बघू लागला. काका मात्र उठला, तसाच मण्यांसकट बाहेर पडला आणि इमारतीच्या वॉचमनकडे जुना पंप मागायला गेला. तळघरात एक जळालेला पंप पडून होता. तो आम्ही चौघांनी धापा टाकत वर आणला. धातूच्या चकाकीने कॅमेरे गोंधळतात म्हणून त्यावर मळकट कापडी पट्ट्या गुंडाळल्या. काका त्याच्यासमोर उकिडवा बसला, आणि मग जे सुरू झालं ते बघायला शेजारच्या खोलीतली माणसंही काम टाकून आली.

पडद्यावर काकाच्या जागी उस्ताद होता. तो यंत्राला कान लावत होता. गंजलेला भाग अंगठ्याने चाचपत होता, जोर लावताना खांदा पुढे काढत होता, सैल झाल्यावर नकळत मान डोलावत होता. दोन वर्षं मी ज्याला रंगवत बसले होते तो म्हातारा चक्क जिवंत झाला होता. मला नाचावंसं वाटत होतं.

फक्त एक गोष्ट होती. यंत्राला हात घालण्याआधी दर वेळी काका उजव्या हाताची पाठ क्षणभर त्याला टेकवायचा, मागे घ्यायचा आणि मगच कामाला लागायचा. मला त्यात काही नवं नव्हतं. घरचा फ्रिजसुद्धा तो तसाच उघडतो आणि आम्ही त्याला हसतो. पण आमच्या इतिहासाच्या सल्लागार बाईंनी काम थांबवलं. हे काय करता, त्यांनी विचारलं.

"करंट उतरलाय का बघतो," काका म्हणाला. "पंपवाल्यांची सवय."

बाईंनी कपाळाला हात लावला. आठशे वर्षांपूर्वी करंट कुठला? काका ओशाळला. बरोबर आहे, चूक ती चूक, पुन्हा करू, म्हणाला. पुन्हा केलं. हात पुढे गेला आणि उलटाच टेकला. आणखी एकदा. पाच वेळा तेच झालं. काका घामाघूम झाला, दिग्दर्शक पुन्हा भिंतीवरच्या चित्राची भाषा बोलू लागला, आणि माझा तोल सुटला.

"काका, एकदाच विसर ना ते. हा पंप मेलेला आहे. इथे कुठे करंट आहे?"

तो माझ्याकडे वळला. मग हळू आवाजात म्हणाला, "तुझ्या बापाने तळहात लावला होता. तळहात लावला की करंट मूठ आवळून घेतो, सोडवत नाही. मी शेजारीच उभा होतो. उलटा लावला असता तर झटक्याने सुटला असता."

मला फ्रिजपाशी हसलेलं आठवलं आणि स्वतःची लाज वाटली.

बाई पुढे आल्या आणि काकाच्या शेजारी जमिनीवर बसल्या. "मला एक सांगा," त्या म्हणाल्या. "भट्टी शेजारी पेटलेली आहे. समोरचं लोखंड तापलेलं आहे की गार, ते कळत नाही. कसा हात लावाल?"

"उलटाच," काका म्हणाला. "तळहात भाजला तर पोट कशावर भरायचं?"

"मग उस्तादही तेच करेल," बाई दिग्दर्शकाकडे वळून म्हणाल्या. "भट्टी दाखवा शेजारी. हे राहू दे."

कार्यशाळा वाचली. गेम तयार झाला त्या दिवशी मी काकाला पुन्हा स्टुडिओत नेलं. नवा शर्ट घालून आला होता. कंट्रोलर हातात घेण्याआधी त्याने सवयीने हाताची पाठ त्याला लावली. या वेळी मी हसले नाही. पडद्यावर उस्ताद विहिरीच्या लोखंडी चाकापाशी उभा होता, शेजारी भट्टी पेटलेली. मी समजावून सांगितलं, हे बटण दाबलं की तो चाक तपासतो, ते दाबलं की चाक फिरतं आणि पाणी वर येतं.

काकाने पहिलं बटण दाबलं. उस्तादाने हाताची पाठ लोखंडाला टेकवली आणि मागे घेतली. काकाने पुन्हा तेच दाबलं. पुन्हा. मागे माणसं जमली होती, सगळ्यांना पाणी बघायचं होतं.

"काका, आण ना पाणी वर," मी म्हणाले.

"आणतो गं. घाई काय आहे?" त्याने पुन्हा पहिलंच बटण दाबलं. पडद्यावरचा हात लोखंडाला लागला आणि सुखरूप मागे आला.