खांब ते खांब

बोट दगडाला दोरीनं बांधलेली होती, जागची तसूभरही हलत नव्हती आणि मीटरचा काटा बावीसवर होता.

“काका, बोट तर हुबीच हाय की ओ,” कुमार म्हणाला.

“त्येच म्या तुला इचारतोय! हुब्या बोटीचं बावीस कशाचं?”

परंड्यात मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्या कुमारनं डोकं खाजवलं. एका जुन्या फटफटीचं मीटर आणून त्यानं गोरोबाच्या बोटीवर बसवलं होतं. फटफटीत ती केबल चाकाला जोडलेली असते. बोटीला चाक नाही, म्हणून या पठ्ठ्यानं ती थेट इंजिनाच्या दांड्याला जोडून दिली होती. आता इंजिन फिरलं की काटा हले, मग बोट जावो न जावो. दोन माणसं बसली तरी तोच आकडा आणि बारा बसून बोट जड झाली तरी तोच. दोन दिवस त्यात वाया गेले होते.

“काढ त्ये,” गोरोबा म्हणाला. “आन् फटफटीलाच लाव परत.”

त्याचा संताप कुमारवर नव्हता, कागदावर होता. दूर कुठल्याशा धरणात प्रवाशांची बोट उलटली आणि त्यानंतर तालुक्याच्या कचेरीतून फर्मान निघालं. माणसं नेणाऱ्या लहान बोटींनी ताशी बारा किलोमीटरच्या वर जायचं नाही आणि वेग मोजण्याचं साधन बोटीवर असलंच पाहिजे. गुरुवारी तपासणी. साधन नसेल तर परवाना नाही, आणि परवाना नाही तर बोट काठावर पालथी. मग अलीकडच्या वस्तीतल्या माणसांना पलीकडच्या रानात जायला अठरा किलोमीटरचा वळसा. एकोणीस वर्षं गोरोबा ही बोट चालवत होता. एवढ्या वर्षांत त्यानं कुणाच्या भाकरीचं फडकंसुद्धा भिजू दिलं नव्हतं, आणि आता त्याला विचारत होते की, तुला वेग कळतो का!

मीटर झालं, मग मोबाईल. लेकीनं, ज्ञानेश्वरीनं, सासरहून फोनवर समजावून त्यात वेग दाखवणारं काहीतरी घालायला लावलं. ते भर पाण्यात उघडलं तर उन्हात पडदा काळाठिक्कर. हातानं सावली करून पाहावं तर आधी शून्य, मग एकदम एकतीस, मग नऊ. ओलं बोट लागलं आणि कुणीतरी बाई मसालावांगं शिकवायला लागली. बोटीतल्या बायका पोट धरून हसल्या. गोरोबाला मात्र तो फोन पाण्यात भिरकावून द्यावासा वाटला.

रात्री जेवताना त्यानं घास तसाच ताटात ठेवला. “परवाना गेला तर म्या काय करू सांग. अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसरं काय शिकू?”

“अवो, पर तुमी खांब मोजताच की,” त्याची बायको अयोध्या म्हणाली. “दोन खांबांत किती अंतर त्ये तुमाला ठावं. आकडे तुमी रोज म्हनता. कचेरीतल्या लोकान्ला आनिक काय पायजे?”

गोरोबानं ठेवलेला घास पुन्हा उचलला. बायकोला आपण मनातल्या मनात मोजतो हे कळतं, ही गोष्ट त्याला आजच कळत होती.

ते खांब म्हणजे जुन्या गावातली विजेची लाईन. गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं, तारा काढून नेल्या, पण सात लोखंडी खांब तसेच राहिले. त्यांची डोकी पाण्यावर हात-दीड हात दिसत. गावात वीज आली तेव्हा मिसरूडही न फुटलेल्या गोरोबानं त्या लाईनवर खड्डे खणले होते. टेपाचं एक टोक त्याच्याच हातात असायचं. खांब ते खांब बरोबर पन्नास मीटर. तिसरा खांब मारुतीच्या पारापाशी. सातवा त्याच्या स्वतःच्या दारात. बोट त्या ओळीला धरूनच जायची, आणि एका खांबापासून दुसरा यायला पंधरा आकडे लागले पाहिजेत हा त्याचा कायदा होता. त्याहून कमी लागले तर पाणी आत उडतं, जास्त लागले तर वारा बोट ओढून नेतो.

तिसरा खांब आला की लक्ष्मीबाई हात जोडायच्या. ऐंशीच्या पुढच्या या म्हातारीचं रान पलीकडे होतं. मूर्ती नव्या वस्तीत आणून बसवली होती, पण त्यांचा नमस्कार जुन्याच जागेला चालू होता. सातवा आला की गोरोबा हात लांबवून खांबाला थाप मारायचा. का, ते त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानं सांगितलंही नव्हतं.

गुरुवारी तपासणीला कचेरीतून राजेश्वरी मॅडम आल्या. पंचविशीतली पोरगी, अंगात लाइफ जॅकेट, मांडीवर तक्ता. गोरोबानं घसा खाकरून खांबांचं सगळं सांगितलं. मॅडमनी कागदाच्या कडेला आकडेमोड केली आणि चमकून वर पाहिलं.

“काका, पन्नास मीटर पंधरा सेकंदांत म्हणजे बरोबर ताशी बारा होतात.”

“असतील.”

“चला, करून दाखवा.”

बोट निघाली. गोरोबा मोठ्यानं आकडे म्हणू लागला. मॅडमच्या एका हातात घड्याळ, दुसऱ्यात त्यांचा महागडा फोन. दुसऱ्या खांबाला फोन म्हणाला बारा. चौथ्याला अकरा पूर्णांक नऊ दशांश. सहाव्याला पुन्हा बारा.

“कमाल आहे तुमची!” मॅडम मनापासून म्हणाल्या. गोरोबाची छाती फुगली. आठवडाभराचा वैताग त्या एका वाक्यानं उतरला, आणि तोंड सैल सुटलं.

“ह्ये तर काहीच न्हाय. पाऊसकाळात पानी चढलं की ह्यातले चार खांब पार बुडत्यात. तवाबी बोट कंदी घासली न्हाय. डोळं झाकून सांगतो कुठला कुठं हाय.”

मॅडमचं पेन थांबलं. “बुडतात? म्हणजे वरून दिसत नाहीत?”

“न्हाय. पर मला ठावं हायती की.”

त्यांनी खांबांची ओळ एकदा नजरेनं मोजली. मग त्यांनी काहीतरी लिहिलं. साधनाच्या रकान्यात कंपनी आणि नंबर हवा होता, खांबांना दोन्ही नव्हतं. शेवटी तिथं त्यांनी मोबाईल लिहिला, गोरोबाचा फोन स्वतः नीट करून दिला आणि तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याच्या गळ्यात अडकवला.

परवाना आला. चैत्रात पाणी उतरलं, तेव्हा तराफ्यावरून गॅस कटर घेऊन चार माणसंही आली. त्यांच्या कागदावर लिहिलं होतं, प्रवासी मार्गातील अडथळे काढणे. तीन दिवसांत सातही खांब पार पाण्यालगत कापून झाले.

गोरोबानं मॅडमना फोन लावला. “मॅडम, म्या इस्वासानं दावलं तुमाला.”

“काका, मला लिहावंच लागलं,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “तुम्हाला माहीत आहेत, पण उद्या तुमच्या जागी दुसरं कुणी आलं तर?”

त्या खरं बोलत होत्या, आणि याचाच गोरोबाला सगळ्यात जास्त राग आला. फोन ठेवल्यावर त्यानं काठावरच्या धोंड्याला लाथ घातली आणि दोन दिवस लंगडत चालला.

दुसऱ्या आठवड्यात लक्ष्मीबाई बोटीत बसल्या. समोर नुसतं पाणी पसरलेलं होतं. थोडी वाट सरली तशी त्या अस्वस्थ झाल्या, इकडे तिकडे बघायला लागल्या.

“गोरोबा, माझा मारुती कुठं आला रं? मला काय उमगंना बग.”

गळ्यातल्या पडद्यावर बारा होते. गोरोबानं तिकडे बघितलं नाही. पहिला खांब होता त्या जागेपासून त्याचे आकडे सुरूच होते. तेरा, चौदा, पंधरा.

“आला, काकू. जोडा हात.”

म्हातारीनं हात जोडले, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली. बोट पुढे निघाली. गोरोबा पुन्हा एकपासून मोजू लागला. चौथा गेला, पाचवा गेला, सहावा गेला. सातव्याचे पंधरा झाले तेव्हा त्याचा हात सवयीनं बाहेर गेला, आणि पाण्यावर थोडा वेळ तसाच राहिला.